बाळंतिणीच्या खोलीचं छत

माय,

आज सकाळपासून माझं डोकं ठणकतंय आणि त्याला कारण तू आहेस. तुला जाऊन दहा-अकरा पावसाळे झाले, तरी तुझे उद्योग काही आम्हाला सोडत नाहीत. आत बाळंतिणीच्या खोलीत तुझी नात झोपलीय. आठवा सरत आलाय तिचा. तुझा घरजावई ओट्यावर बसून उगीच दोरी वळतोय, म्हणजे आपण कामात आहोत असं दिसावं. आणि मी अंगणवाडीतले पाठकोरे कागद घेऊन चुलीपाशी बसलेय. तुला वाचता येत नव्हतं. मी शाळेतून आले की तू म्हणायचीस, "काय लिव्हलं ते वाचून दाखव, पर हळू वाच, मेंढरं बिथरतेत." तर हळूच सांगते, आणि मुळापासून सांगते, कारण तू गेल्यावर या खोलीवर काय काय बेतलं ते तुला कुठून ठाऊक असणार?

गेले तीन-चार महिने माझ्या जिवाला एकच घोर होता. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं येते की नाही. तिची सासू न्हाई म्हणत होती, ते मी समजू शकले असते. पण पोरगीच न्हाई म्हणत होती. ज्या खोलीत तू मला जन्म दिलास, ज्या खोलीत मी तिला दिला, त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत ती पाऊल टाकायला तयार नव्हती. आईला याहून मोठं दुःख काय असतं, सांग बरं.

आपलं घर ते केवढं! पुढं दगडमातीची एक खोली आणि मागं ही कुडाची. बाभळीच्या मेढी रोवलेल्या, त्यांना बांबू चिरून केलेल्या कामट्या आडव्या बांधलेल्या, मधे तुराट्या दाटून बसवलेल्या आणि दोन्ही अंगांनी मातीचा गिलावा. गावात सगळ्यांच्याच घरी असा एखादा कूड होता. लोक गिलाव्याच्या मातीत गव्हाचा भुसा घालायचे. तू मात्र मेंढरांची लोकर घालायचीस. कातरणी झाली की चांगली लोकर घोंगडीवाल्याला जायची, आणि पोटाखालची, पायाची, काट्याकुट्यांनी भरलेली जी उरायची ती तू पोत्यात कोंबून ठेवायचीस. गढीकडची पांढरी माती आणायची, खड्ड्यात भिजवायची, शेण घालायचं, चांगली आठवडाभर मुरू द्यायची. आणि मग तुडवायला माणसं कुठून आणणार? तू आख्खा कळपच त्यात हाकायचीस. पुढं बोकड, मागं मेंढ्या, आणि तू काठी घेऊन काठावर उभी, "हुर्र, हुर्र" करत. गाव बघायला यायचं. कुणी म्हणायचं, "म्हातारीची मेंढरं गवंडी झाली गं." तू म्हणायचीस, "गवंड्यापरीस बरी हायेत, तंबाखू मागत न्हाईत."

लोकरीचं तुझं एक शास्त्र होतं. ती हातानं पिंजून, बोटांनी सुटी करून, चिमटी-चिमटीनं मातीत घालायची. एकदा मी कंटाळून मूठभर गोळाच टाकला तर तू माझ्या पाठीत ओला हात हाणला होतास. पोलक्यावर पाची बोटं उठली. "लोकर दिसली की चुकली," तू म्हणालीस, "मातीत हाय का न्हाई ते मातीलाबी कळू नई." मी दिवसभर रुसून बसले आणि तू त्या पोलक्याला हात लावेनास. म्हणालीस, वाळू दे, मग आपोआप झडतंय. आणि खरंच झडलं.

लातूरकडं भूकंप झाला ते वर्ष आठव. हिंगोली तेव्हा तालुकाच होता, आपण परभणी जिल्ह्यातले. आपल्याकडं काय झालं? पहाटे उतरंडीची गाडगी एकमेकांवर वाजली, वाड्यातली मेंढरं एकदम उठून उभी राहिली, कुत्री भुंकली आणि संपलं. गावात एक दगड निसटला नाही. पण मग पेपरातले फोटो आले, एसटीनं येणारी माणसं सांगू लागली, की माळवदाची माती अंगावर येऊन माणसं झोपेतच गेली. आपल्याही डोक्यावर तसलंच माळवद. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पळसाचा पाला आणि वर हातभर माती. मोठ्या माणसांनी चार दिवस अंगणात काढले आणि दिवाळीच्या थंडीनं सगळे मुकाट्यानं आत गेले. तुझी नात गेली नाही. सात वर्षांची होती. तिनं शाळेत कुठं तरी फोटो बघितला होता आणि तिनं ठरवूनच टाकलं की घर पडतं. आपण सगळे आत आणि ही बया मेंढरांच्या वाड्यात, दोन मेंढ्यांच्या मधे घोंगडी पांघरून. खोकला झाला, नाक गळायला लागलं, तरी आत येईना. मी एकदा चिडून तिला उचललं आणि आत न्यायला लागले, तर तिनं दाराची चौकट अशी काही धरली की माझ्या हातातून तिचा झगा फाटला, पण चौकट सुटली नाही.

तू शेळीची धार काढत होतीस. उठून आलीस आणि मला म्हणालीस, "काहून वढून राहिली तिला?"

"मग काय करू? मरू देऊ थंडीत?"

"घराला भिऊन राहिली ना ती? मंग घर बदल. लेकराला काहून बदलती?"

माय, असलं बोलायला तू कुठं शिकली होतीस? मी अंगणवाडीचं ट्रेनिंग करून आले होते, बालमानसशास्त्राचं एक आख्खं पुस्तक होतं माझ्याकडं, त्यात हे नव्हतं.

आणि तू नुसतं बोलली नाहीस. जावयाला हाताशी धरून माळवदाची माती खाली उतरवलीस, वर पत्रे टाकलेस. झालं, वरचं ओझं गेलं. पण पत्रा तो पत्रा. दुपारी आत भाकरी भाजावी असा उकाडा आणि वारा सुटला की खडाम-खुडूम. पोरीनं एकदा आत डोकावून पाहिलं, तेवढ्यात एक पत्रा वाजला, आणि ती पळाली ती थेट वाड्यात. मग तू म्हणालीस, "भित आडवी केली म्हंजे छतच की." आणि पत्र्याच्या खाली, तुळयांना, बांबूच्या कामट्या बांधायला घेतल्यास. असलं छत गावात कुणी पाहिलं नव्हतं. अंबाडीच्या दोरीनं कामटीशेजारी कामटी, मधे बोट जाईल एवढी फट. मी म्हटलं, फट कशाला, माती गळेल की. तू म्हणालीस, "गळंना का थोडी. फटीतून वर जाऊन तिनं मान वळवली पायजे. तीच तिची पकड." आणि मग खालून वर गिलावा. डोक्यावरच्या छताला माती थापायची म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. निम्मी वर आणि निम्मी तुझ्या तोंडात. तू थुंकत होतीस, शिव्या घालत होतीस, मधेच हसत होतीस, आणि तुझ्या भुवयाबिवया सगळ्या पांढऱ्या झाल्या होत्या. नात दाराबाहेर उभी राहून बघत होती. पाऊल मात्र आत टाकत नव्हती.

छत वाळलं. चुना दिला. तू तिला हाक मारलीस.

"ये."

"पडंल."

"पडू दे की. पडलं तर काय हुतंय ते बघ."

तू त्याच मातीचा भाकरीएवढा तुकडा उन्हात वाळवून ठेवला होतास. तो जावयाच्या हाती दिलास, त्याला शिडीवर चढवलंस आणि स्वतः खोलीच्या मधोमध फतकल मारून बसलीस. डोक्यावरचा पदर खाली घेतलास. मला वाटतं, माणसासमोर तुझ्या डोक्यावरचा पदर मी तेवढाच एकदा खाली पाहिला.

"टाका जावईबापू माझ्या टकुऱ्यावर."

"मामी, येड लागलं का काय? जावई असून सासूच्या डोक्यात माती घालू? गाव थुकंल माझ्यावर."

"न्हाई घातली तर मी थुकन. टाका!"

बिचाऱ्यानं डोळे मिटले आणि हात सोडला. धप्प झालं. तुकडा तुझ्या डोक्यावर आपटून मांडीत पडला, सगळाच्या सगळा, एक टवकासुद्धा उडाला नव्हता. तू तो उचलून पोरीपुढं धरलास आणि बोळक्या तोंडानं अशी हसलीस की शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावली. "बग, फुटला का? आपल्याच मेंढीची लोकर हाय त्याच्यात. हे छत पडलंच तर गोधडी पडल्यावानी पडंल अंगावर." पोरीनं तुकडा बघितला, तुझं डोकं चाचपलं, आणि मग खुदकन हसून आत आली. वर म्हणते कशी, "बाबा, परत टाका."

"एक डाव बास," तू घाईघाईनं म्हणालीस.

त्या दिवशी ती आत झोपली आणि पुढं लग्न होईपर्यंत त्याच खोलीत झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पाण्याला गेलो तर तू घागर डोक्यावर घेतली नाहीस, कमरेवर घेतलीस. घागरीखाली ठेवायची चुंबळ तशीच खांद्यावर. मी विचारलं तर म्हणालीस, "आताच न्हालेय, केस वले हायेत." मी काही मनावर घेतलं नाही. थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी तू कशाला न्हाशील, हे सुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही.

तू गेलीस. मेंढरं विकावी लागली, कारण तुझा जावई साखर कारखान्यावर हंगामाला जायला लागला आणि माझी अंगणवाडी. छत होतं तसंच होतं. दरसाल मी एक पोतेरा द्यायची, बस्स. मग पोरीचं लग्न ठरलं, शिरड शहापूरला. आणि लग्नाच्या आधी तुझ्या जावयाच्या अंगात पक्क्या घराचं वारं शिरलं. कारखान्यावरचे क्वार्टर बघून बघून त्याला वाटायचं, की सिमेंट म्हणजेच घर. "पाव्हण्यांना मातीच्या खोलीत बसवू व्हय?" मी भांडले. अशी भांडले की दोन दिवस चुलीशी आणि त्याच्याशी, दोघांशीही मी बोलले नाही. पण लग्नघरात कोण कुणाचं ऐकतं? वसमतहून मिस्त्री आणला. मिस्त्री बिचारा सरळ होता, म्हणाला, "वहिनी, मातीवर सिमेंट धरत न्हाई बरं का, जाळी मारतो पण पुढचं मी सांगू शकत न्हाई." यानं ते ऐकूनही ऐकलं नाही. भिंतींना जाळी, छताला जाळी, वर सिमेंटचा गिलावा, वर पिस्ता रंग. लग्नात सगळे म्हणाले, वा, वा. मी पण म्हटलं, वा. खोटं कशाला बोलू, दिसायला छानच दिसत होतं.

माती श्वास घेते गं. तुला हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण तू कुडाला कधी आंघोळ घातली नाहीस आणि कधी कोंडलं नाहीस. सिमेंटनं त्याचं तोंड बंद केलं. पावसाची ओल आत गेली ती बाहेर येईना. दुसऱ्या वर्षी बोटानं ठोकलं की डबा वाजल्यासारखा पोकळ आवाज यायचा. तिसऱ्या वर्षी कोपऱ्यातून वाळवी निघाली. आणि यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, आम्ही दोघं पुढच्या खोलीत जेवायला बसलो असताना मागं असा आवाज झाला की माझ्या हातातला घास खाली पडला. छताचा सिमेंटचा पापुद्रा, दारापेक्षा मोठा, जाळीसकट बाजेवर आला होता. बाजेचा एक गातच, कडेचा दांडा, मोडला. ती बाज मी पोरीसाठी नवी विणून घेतली होती.

तुझा जावई खोलीच्या मधे उभा राहिला. बोलायला होतं खूप, तीन वर्षं साठवून ठेवलेलं, पण त्याचं तोंड बघून मी केरसुणी हातात घेतली. आपल्या घरच्या गोष्टी चार घरं ओलांडून जातातच. आमच्याआधी बातमी शिरडला पोचली.

दिवाळीला मी फराळ घेऊन गेले. विहीणबाई चांगली बाई आहे, उगीच कशाला नावं ठेवू? पोरीला फुलासारखं जपते. चहा दिला, पाय धुवायला गरम पाणी दिलं, आणि मग म्हणाली, "इहीणबाई, राग नका मानू. पर छत पडलेल्या खोलीत माझी सून कशी धाडू? तुमी माझ्या जागी असत्या तर धाडली असती व्हय?" मीही नसती धाडली. मग मी पोरीकडं पाहिलं. वाटलं, ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिनं हातानं चौकट धरलेली होती, माय. तशीच. "आई, मी न्हाई यायची. मला तिथं झोप लागणार न्हाई. हितंच होऊ दे." कडेवर पोर खेळवायचं वय झालेली माझी लेक, आणि डोळ्यांत तीच सात वर्षांची पोरगी.

एसटीत बसले तेव्हा आधी मला तिचा राग आला. आईच्या घराला भितेस? औंढ्यापर्यंत मी मनात तिला नाही नाही ते बोलले. पुढं कळमनुरीचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंनी हळदीची हिरवीगार पानं, आणि एकदम तुझा आवाज आला. घर बदल, लेकराला काहून बदलती? मी मोठ्यानं "व्हय गं" म्हणाले. शेजारची बाई माझ्याकडं बघायला लागली.

घरी आले आणि तुझ्या जावयाला म्हटलं, "पहार काढा." एका शब्दानं विचारलं नाही गं त्यानं, काढली. सिमेंट निघायला वेळच लागला नाही, ते बसलंच कुठं होतं? मागं खालच्या अंगाच्या तुराट्यांचं पीठ झालं होतं, हात लावला की भुगा. मला रडूच आलं. पण जसजसे वर गेलो, माय, तसतशी तू दिसायला लागलीस. छताचा निम्मा भाग अजून धडधाकट होता. कामट्या तशाच, अंबाडीच्या गाठी तशाच, तुझी ती डाव्या हाताची उलटी गाठ, जी मला कधी जमली नाही. फटीतून वर गेलेल्या मातीनं मान वळवलेली होती. आणि खाली पडलेल्या ढेकळात बोट घातलं तर आत लोकरीचा धागा. आपल्या मेंढ्यांचा. त्या मेंढ्या कधीच्या कुठं गेल्या, कुणाच्या ताटात गेल्या, देव जाणे, पण ही लोकर होती. मी ती माती टाकली नाही. सगळी गोळा केली, फोडली, चाळली आणि तुझ्याच जुन्या खड्ड्यात पुन्हा भिजत घातली.

आता तुडवायला मेंढरं कुठून आणू? डोंगरकड्याच्या शिवारात एका मेंढपाळाचा तळ पडला होता, त्याच्याकडं गेले. तो हसून हसून लोळायचा राहिला. "काकू, लोक मेंढरं खतासाठी शेतात बसवायला मागतेत, तुमी नाचवायला मागून राहिल्या!" पण आला. लोकरीचं पोतंही आणलं. म्हणाला, लोकरीला आता कोण विचारतंय, न्या. मेंढरं खड्ड्यात उतरली आणि गल्ली गोळा झाली. म्हाताऱ्यांना तुझी आठवण आली, पोरासोरांना जत्रा. मी काठी घेऊन काठावर उभी राहिले आणि "हुर्र" म्हटलं तर मेंढरं जागची हलेनात. मग तुझ्या जावयानं म्हटलं. तो तुझ्यासारखंच म्हणतो, मला माहीतच नव्हतं.

कालवलेल्या मातीचा पहिला घाणा फसला. तुझ्यासारखा एक तुकडा वाळवला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकला, तर त्याच्या ठिकऱ्या. दुसरा केला, त्यालाही भेगा. मी डोक्याला हात लावून बसले. पोत्यातली लोकर गठ्ठ्यागठ्ठ्यानं टाकत होते गं, घाई होती ना. आणि मग तुकडे उचलताना दिसलं, की प्रत्येक ठिकरीत लोकरीचा गोळा आहे आणि बाजूला नुसती माती. लोकर दिसत होती. म्हणजे चुकली होती. पाठीत हाणायला तू नव्हतीस, पण मला ती पाची बोटं बराबर जाणवली.

मग बसले पिंजत. अंगणवाडी सुटली की पोतं घेऊन उन्हात बसायची. हळूहळू गल्लीतल्या बाया आल्या, एकेक मूठ घेऊन. कुणी म्हणाली, "काकू, भित लिपून राहिल्या का नातवाला गोधडी शिवून राहिल्या?" मी म्हटलं, दोन्ही. या महिन्यात मी जेवढी हसले तेवढी गेल्या कित्येक वर्षांत हसले नव्हते. नव्या तुराट्या बसवल्या, तुझ्या कामट्यांना लागून नव्या बांधल्या, गाठ मात्र माझी सरळच. छताचा गिलावा तुझ्या जावयानं केला, मी खालून गारा, म्हणजे मळलेली माती, देत होते. एक गोळा निसटून थेट त्याच्या उघड्या तोंडात. थुंकून म्हणतो, "मामीच असतील वर. अजून राग गेला न्हाई त्यांचा." मी म्हटलं, "गेला असेल, म्हणून तर तोंडात घातला, डोक्यात न्हाई." आणि आम्ही दोघं शिडी धरून हसत राहिलो. सिमेंटवरून आमच्यात जे काही धरून होतं ना, ते तिथं सुटलं. शिरडला निरोप धाडला की खोली झालीय, येऊन बघा. राहू नका, नुसती बघा.

आज सकाळी आल्या. जीप करून, सासू आणि सून दोघी. विहीणबाईंनी आधी भिंतीवर बोटं ठोकली, मग तळहात ठेवला, मग गालच लावला. "गार हाय," म्हणाल्या. छताकडं मान वर करून बराच वेळ बघितलं. पोरगी दारातच थांबली. एक हात पोटावर, एक हात चौकटीवर. मी ये म्हटलं नाही, अगदी ओठांवर आलं होतं तरी. ती छताकडं बघत होती, माझ्याकडं बघत होती, आणि मग हळूच म्हणाली, "आई, आजीनं केलं होतं तसं कर."

विहीणबाईंना काही कळेना. मला कळलं. तुकडा मी वाळवून ठेवलाच होता, भाकरीएवढा. तुझ्या जावयाच्या हाती दिला, शिडीकडं बोट केलं, आणि खोलीच्या मधोमध बसले. विहीणबाईंसमोर पदर खाली घेतला. "अगं बाई, हे काय चाललंय!" त्या ओरडल्या. तुझ्या डोक्यावर टाकताना त्यानं काय केलं होतं, आठवतं? डोळे मिटले होते. माझ्या वेळी मेल्यानं नेम धरून टाकला. सोबत राहून माणूस कसं निर्ढावतं बघ.

धप्प. तुकडा मांडीत आला. सगळाच्या सगळा. मी तो उचलला, तिच्यापुढं धरला आणि हसले. तिनं माझं डोकं चाचपलं, तसंच, तुझं चाचपलं होतं तसं. "लागलं?" म्हणाली. मी म्हटलं, "छ्या! गोधडी पडल्यावानी वाटलं." आणि तिनं चौकट सोडली. आत आली, नवा गात घातलेल्या बाजेवर बसली, वर बघितलं, आणि बसल्या बसल्या आडवी झाली. विहीणबाईंनी जीपमधून तिची पेटी उतरवायला सांगितली. जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाळंतपण हुईस्तोवर हितंच ठिवते. पर तुमी बाई लई खतरनाक हायेत."

दुपारी हापशावर गेले. घागर भरली, चुंबळ ठेवली, घागर उचलून वर नेली आणि टेकवताक्षणी डोळ्यांपुढं काजवे. उतरवली आणि कमरेवर घेतली. दहा पावलं चालले असेन, आणि तिथंच रस्त्यात उभी राहिले. थंडीतली ती सकाळ, तुझ्या खांद्यावरची चुंबळ, वले केस.

म्हातारे! फुटणारी वस्तू डोक्यावर पडली तर ती फुटते, तिचा जोर तिच्यातच जिरतो. न फुटणारी पडली की तो सगळा आपल्या टकुऱ्यात येतो. हे तुला तेव्हाच कळलं होतं. म्हणून एक डाव बास.

घरी आले तर पोरगी उठून दारात उभी होती. म्हणाली, "आई, घागर कमरेवर काहून?" मी म्हटलं, "आताच न्हालेय, केस वले हायेत." ती आत गेली. पुन्हा झोपलीय, घोरतेय सुद्धा थोडी. टेंगळाला हळद लावावी म्हटलं तर तिला पिवळं दिसेल, म्हणून तीही लावली नाही.

आता तिच्या न्हाणाचं पाणी ठेवायचंय. चूल पेटवायला हे कागद बरे आहेत, शिवाय तिच्या हाती लागता कामा नयेत. तिला आयुष्यभर वाटू दे, की ते छत गोधडीसारखंच पडतं. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि तुझ्याशिवाय हे कळणारं दुसरं आहे कोण?

लागलं गं, माय. लई लागलं.